छत्तीस कोटी नावांचा पत्ता

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, काल्कोफ्न्सवेगुर नावाच्या रस्त्यावर २ क्रमांकाची एक इमारत आहे. इंटरनेटवरचं कुठलं नाव कोणाच्या मालकीचं, हे सांगणाऱ्या नोंदी चाळल्या तर हा एकच पत्ता लाखो नावांपुढे लिहिलेला सापडतो. आइसलँडची सगळी लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. मालकांच्या पत्त्यांवरून जगाचा नकाशा रंगवायला बसलेल्या माणसाला हा चिमुकला देश इंटरनेटवरची महासत्ता वाटेल. प्रत्यक्षात ते मालक जगभर विखुरलेले आहेत. आपला घरचा पत्ता उघडा पडू नये म्हणून त्यांनी ‘विथहेल्ड फॉर प्रायव्हसी’ नावाच्या कंपनीचा पत्ता पुढे केलेला असतो आणि त्यातले बहुतेक जण नेमचीप या अमेरिकी विक्रेत्याचे ग्राहक असतात. २०२१च्या सुमारापर्यंत याच ग्राहकांच्या नावांपुढे पनामाचा पत्ता असे, कारण तेव्हा हे काम पनामातली ‘हूइजगार्ड’ ही कंपनी करत होती. नोंदींमध्ये लाखो नावं पनामातून उठून आइसलँडला गेली. माणूस एकही हलला नाही.

डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचं किंवा ईमेलचं ते नाव, जे वार्षिक भाडं भरून आपल्याकडे ठेवता येतं. २०२४च्या अखेरीस जगात अशी ३६ कोटींहून अधिक नावं नोंदलेली होती आणि त्यातली १५ कोटींहून जास्त एकट्या डॉट कॉमची. ती कुठे कुठे आहेत हे मोजायचं कशासाठी? मला याचं उत्तर महत्त्वाचं वाटतं. एखाद्या प्रदेशात इंटरनेट वापरणारे किती, हा आकडा तिथे वाचणारे, बघणारे, ऐकणारे किती ते सांगतो. स्वतःचं नाव नोंदवून पैसे भरणारा माणूस मात्र तिथे काहीतरी मांडायला आलेला असतो: दुकान, दवाखाना, संस्था, मासिक, मत. त्यामुळे नावांचा नकाशा नीट काढता आला, तर इंटरनेटवर बोलणारे कुठे राहतात हे कळू शकतं. दुसऱ्या कुठल्याही आकड्यातून ते इतक्या थेटपणे कळत नाही.

अडचण ‘कुठे’ या शब्दातच सुरू होते. समजा, कोल्हापुरातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने डॉट कॉमचं नाव घेतलं. डॉट कॉमचं मूळ दप्तर सांभाळणारी व्हेरिसाइन ही कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रेस्टन इथे आहे. नाव विकणाऱ्या कंपनीचं कार्यालय मुंबईत असेल. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो सिंगापुरात असेल. पत्ता झाकला असेल तर नोंदीत आइसलँड दिसेल. आणि गूळ कोल्हापूरचाच. एका नावाला पाच जागा आहेत, आणि कुठली जागा धरायची त्यावर पाच वेगळे नकाशे तयार होतात. यातल्या प्रत्येक नकाशाचा कोणी ना कोणी खराखुरा नकाशा म्हणून वापर केलेला आहे.

ही गुंतागुंत मुळात नव्हती. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्पानेट या संगणकजाळ्यावरच्या सगळ्या संगणकांची नावं एका साध्या यादीत मावत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती यादी हाताने सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांना कळवायचं, मग ते यादीत भर घालत. कुठला संगणक कुठे आहे हे त्या कार्यालयाला ठाऊक असे. कोण कुठे आहे हे विचारण्याची ‘हू-इज’ ही सोयही १९८२ साली तिथूनच सुरू झाली. यादी हाताबाहेर वाढू लागली तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आज वापरात असलेली डोमेन नेम सिस्टिम आखली. त्यात एकच एक यादी उरली नाही. नावाच्या शेवटच्या भागाप्रमाणे, म्हणजे प्रत्ययाप्रमाणे, जबाबदारी वाटली गेली आणि प्रत्येक प्रत्ययाचं दप्तर वेगळ्या संस्थेकडे गेलं.

डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट एज्यु हे प्रत्यय १९८५मध्ये सुरू झाले. त्यांच्याबरोबर देशांचे दोन अक्षरी प्रत्यय आले. देश कोणाला म्हणायचं, हा जगातल्या सर्वांत स्फोटक प्रश्नांपैकी एक. जॉन पोस्टेल यांच्याकडे नावांच्या वाटपाचं काम होतं आणि त्यांनी तो प्रश्न अंगावर घेतला नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेची देश आणि प्रदेशांच्या दोन अक्षरी संकेतांची एक यादी आधीपासून होती. जे त्या यादीत असेल त्याला प्रत्यय मिळेल, एवढंच त्यांनी ठरवलं. हा निर्णय फार शहाणपणाचा होता असं मला वाटतं, कारण त्यामुळे अभियंत्यांना सरहद्दीच्या भांडणात उतरावं लागलं नाही. पण त्या यादीत सार्वभौम देशांच्या जोडीला दूरदूरची बेटं, वसाहती आणि जवळजवळ निर्मनुष्य प्रदेशही होते. भारताला जशी दोन अक्षरं मिळाली तशी त्यांनाही मिळाली.

आपल्याकडे गाडीवर एमएच १२ दिसलं की ती पुण्याची, हे आपण क्षणात ओळखतो. देशांचे प्रत्यय असेच काम करतील अशी सुरुवातीला कल्पना होती. फरक एवढाच की पुण्याची पाटी मिळवायला पुण्याचा पत्ता दाखवावा लागतो. बहुतेक देशांच्या प्रत्ययांना मात्र तशी अट राहिली नाही. पैसे भरा आणि कुठल्याही देशाची पाटी लावा. त्यामुळे प्रत्ययांवरून काढलेला नकाशा दिसायला सोपा आणि अर्थाने सर्वांत कच्चा ठरतो.

तोकेलाऊचं उदाहरण बघण्यासारखं आहे. प्रशांत महासागरातली ही तीन प्रवाळबेटं न्यूझीलंडच्या अधिपत्याखाली आहेत. तिन्ही मिळून जमीन दहा-बारा चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजारांच्या आसपास. विमानतळ नाही, सामोआहून बोटीने निघालं की पोहोचायला दिवसाहून अधिक वेळ लागतो. २०१०च्या दशकात याच तोकेलाऊचा डॉट टीके हा प्रत्यय देशांच्या प्रत्ययांमध्ये जगात सर्वांत मोठा होता, चीन आणि जर्मनीच्याही पुढे. योस्ट झूरबियर या डच उद्योजकाने तिथल्या प्रशासनाशी करार करून ही नावं फुकट वाटायला सुरुवात केली होती. फ्रीनॉम ही त्याची कंपनी ॲमस्टरडॅममधून चाले. फुकट नाव घेणाऱ्याने ते सोडलं किंवा गैरवापरामुळे त्याच्याकडून काढून घेतलं गेलं, की कंपनी ते रद्द करण्याऐवजी स्वतःकडे ठेवी आणि तिथे चुकून येणाऱ्या लोकांना जाहिराती दाखवून पैसे मिळवी. म्हणून हा आकडा फक्त वाढतच गेला. घटण्याची त्यात सोयच नव्हती. फुकट नावं हवी असणाऱ्यांत विद्यार्थी आणि हौशी लोक होते, तसे फसवणुकीची संकेतस्थळं थाटणारेही मोठ्या संख्येने होते. फेसबुकची मालक कंपनी मेटाने फ्रीनॉमवर खटला भरल्यावर २०२३च्या सुरुवातीला नवी नोंदणी थांबली आणि २०२४मध्ये कंपनीने हा धंदाच सोडून दिला. इतकी वर्षं नकाशावर महाकाय फुगवून दाखवल्या जाणाऱ्या त्या बेटांवरच्या माणसांचा या नावांशी जवळजवळ संबंध नव्हता, आणि बदनामी मात्र बेटांच्या नावावर जमा झाली.

तुवालूच्या वाट्याला नशीब बरं आलं. अकरा-एक हजार वस्तीच्या या देशाला डॉट टीव्ही ही अक्षरं मिळाली. ती वापरण्याच्या हक्काचा सुमारे ५ कोटी डॉलरचा, बारा वर्षांत फेडायचा करार झाला आणि त्या पैशाच्या आधारावर तुवालूने सप्टेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं. सदस्यत्वाचा खर्च तोवर त्या देशाला झेपत नव्हता. समुद्राची पातळी वाढली तर ज्याच्या जमिनीवर संकट येणार आहे, असा हा देश जगाच्या व्यासपीठावर बोलू लागला तो दोन अक्षरांच्या भाड्यावर. कॅरिबियनमधल्या अँग्विला या ब्रिटिश प्रदेशाला १९९५ साली डॉट एआय मिळालं, तेव्हा त्या अक्षरांना काही मोल नव्हतं. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा उद्योग करणारा प्रत्येक जण त्या दोन अक्षरांच्या मागे लागला. २०२३मध्ये अँग्विलाला या नावांतून ३ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास उत्पन्न झालं. सरकारी तिजोरीत पडणाऱ्या प्रत्येक पाच डॉलरमागे सुमारे एक डॉलर यातून आला. पंधरा-सोळा हजार वस्तीच्या बेटाला ही रक्कम म्हणजे शाळा, रुग्णालय, विमानतळ.

डॉट आयओची कथा मात्र वाचवत नाही. हा प्रत्यय हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा आहे. तिथले मूळ रहिवासी, दीड-दोन हजार माणसं, १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने बेटांवरून हलवली, कारण दिएगो गार्सिया इथे अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. पुढे तंत्रज्ञान कंपन्यांना ही दोन अक्षरं आवडली आणि ती महागड्या दराने खपू लागली; बेटांवरून हाकललेल्या लोकांच्या हाती त्यातून काही आलं नाही. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यामुळे या प्रत्ययाचं पुढे काय, हा प्रश्न आला, कारण प्रमाण संघटनेच्या यादीतून एखादा प्रदेश गेला की त्याचा प्रत्यय साधारण पाच वर्षांत बंद करायचा, असा नियम आता आहे. युगोस्लाव्हियाचा डॉट वाययू २०१०मध्ये असाच मिटला. सोव्हिएत संघाचा डॉट एसयू मात्र देश विसर्जित होऊन तीस वर्षं उलटली तरी चालूच राहिला.

प्रत्ययांचे आकडे फुगतात तसे एका फटक्यात कोसळतातही, आणि त्यामागे बहुतेक वेळा कुठल्यातरी कार्यालयातला कागद असतो. चीनने २००७मध्ये डॉट सीएनचं नाव एका युआनला द्यायला सुरुवात केली आणि २००९पर्यंत ही नावं १ कोटी ३० लाखांच्या पुढे गेली. त्या डिसेंबरात नियम आला: वैयक्तिक नोंदणी बंद, कंपनीचे कागदपत्र दाखवल्याशिवाय नाव नाही. २०११च्या अखेरीस आकडा ४० लाखांच्या खाली होता. चीनमध्ये याच काळात इंटरनेट वापरणारे कोट्यवधींनी वाढले होते. फक्त नावांच्या आकड्यावरून निष्कर्ष काढला असता तर चिनी इंटरनेट दोन वर्षांत आटलं असं म्हणावं लागलं असतं. पुढे २०१२मध्ये व्यक्तींना पुन्हा दार उघडलं आणि आज डॉट सीएन दोन कोटींच्या आसपास आहे. युरोपातही असंच एकदा झालं. डॉट ईयू घ्यायला युरोपीय संघाशी निवासाचा किंवा नागरिकत्वाचा संबंध लागतो. ब्रेक्झिटच्या वाटाघाटी चालू होत्या तेव्हा ब्रिटनमधल्या पत्त्यांवर तीन लाखांच्या आसपास डॉट ईयू नावं होती. १ जानेवारी २०२१ला त्यातली उरलीसुरली निलंबित झाली.

म्हणून ज्यांना खरं उत्तर हवं होतं, ते प्रत्यय सोडून मालकाच्या पत्त्याकडे वळले. न्यूयॉर्क विद्यापीठातले मिचेल मॉस आणि अँथनी टाउनसेंड यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या शहरांचा असा हिशोब मांडला. त्या वेळी हवा वेगळी होती. इंटरनेटमुळे अंतर संपलं, आता माणूस डोंगरात बसूनही धंदा करील, महानगरांचे दिवस भरले, असं मोठमोठे लोक म्हणत होते; ‘द डेथ ऑफ डिस्टन्स’ हे फ्रान्सिस केर्नक्रॉस यांचं गाजलेलं पुस्तक त्याच वर्षीचं. मॉस आणि टाउनसेंड यांना पत्त्यांमध्ये दिसलं ते उलटंच. नावं मोजक्या मोठ्या शहरांत दाटलेली होती आणि मॅनहॅटन त्यात ठळकपणे पुढे होतं.

हे काम सर्वांत चिकाटीने केलं ते मॅथ्यू झूक या भूगोलतज्ज्ञाने. बर्कलीत पीएच.डी. करताना त्याने डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग या नावांचे मालक हू-इजमधून शोधायला सुरुवात केली, पुढे केंटकी विद्यापीठात हेच काम वाढवलं आणि २००५मध्ये इंटरनेट उद्योगाच्या भूगोलावर पुस्तक लिहिलं. त्याची रीत सांगायला सोपी आहे, करायला नाही. आधी त्या प्रत्ययाची पूर्ण यादी मिळवायची. तिला झोन फाइल म्हणतात आणि डॉट कॉमसारख्या प्रत्ययांची ही फाइल अभ्यासकांना मागून मिळते. देशांच्या प्रत्ययांची सहसा मिळत नाही. मग यादीतून नमुना म्हणून काही नावं उचलायची, प्रत्येकासाठी हू-इजला प्रश्न टाकायचा आणि उत्तरातला टपाल पत्ता वेगळा काढायचा. प्रत्येक विक्रेत्याचं उत्तर वेगळ्या ढंगाने लिहिलेलं. कुठे पिनकोड आधी, कुठे देशाचं नाव गायब, कुठे सगळा पत्ता एकाच ओळीत कोंबलेला. फार प्रश्न विचारले की समोरचा सर्व्हर दार लावून घेतो. एवढं करून पिनकोड नकाशावर बसवायचे आणि नमुन्यावरून एकूण अंदाज बांधायचा.

झूकच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस उजळून निघाले. सॅन फ्रान्सिस्कोत तंत्रज्ञ आणि त्यांच्यावर पैसा लावणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते. न्यूयॉर्कमध्ये प्रकाशन, जाहिरात आणि वित्त होतं, लॉस एंजेलिसमध्ये चित्रपट आणि मनोरंजन. वायर कुठेही पोहोचत असली तरी काय मांडायचं हे ठरवणारी माणसं जुन्याच ठिकाणी होती, कारण त्यांना लागणारा पैसा, ओळखी आणि कसब तिथे होतं. माझ्या मते इंटरनेटच्या भूगोलाबद्दल आजवर सापडलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

झूकने पुढे जगभरची आकडेवारी जमवली आणि तिचा आधार घेऊन ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटमधल्या मार्क ग्रॅहम आणि स्तेफानो दे साबाता यांनी २०१३ची स्थिती दाखवणारा नकाशा काढला. जगातल्या नावांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक नावं उत्तर अमेरिका आणि युरोपात होती. आशियात तेव्हा जगातले चाळीस टक्क्यांहून जास्त वापरकर्ते होते, पण नावांतला वाटा पंधरा टक्क्यांच्याही खाली. आपण ऐकणाऱ्यांच्या बाजूला होतो, आणि किती मोठ्या प्रमाणात, हे त्या एका चित्रात लख्ख दिसतं.

असे नकाशे आता जवळजवळ काढता येत नाहीत. २५ मे २०१८पासून युरोपात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर हा कायदा लागू झाला. नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने त्याच्या आठवडाभर आधी तातडीचा नियम केला आणि हू-इजमधली मालकाची नावं, रस्ते, गावं, पिनकोड झाकले गेले. विक्रेत्यांनी युरोपापुरतं न थांबता बहुधा सगळ्याच ग्राहकांची माहिती झाकली. या झाकण्याच्या मी बाजूने आहे. आपल्या छळाबद्दल लिहिणाऱ्या बाईचा घरचा पत्ता जगातल्या कोणालाही एका प्रश्नात मिळावा, ही व्यवस्था टिकवण्यासारखी नव्हतीच. नोंदीत दोन गोष्टी उघड्या राहिल्या: देश आणि राज्य. म्हणजे सातारकराच्या नोंदीत आज ‘महाराष्ट्र, भारत’ एवढं दिसू शकतं, सातारा दिसत नाही. आणि त्याने पत्ता झाकणारी सेवा घेतली असेल तर राज्याच्या जागी ॲरिझोना किंवा रेक्याविकचा प्रदेश येतो. २०२५च्या जानेवारीत हू-इजची जागा अधिकृतपणे आरडॅप या नव्या पद्धतीने घेतली. तिचं उत्तर नेटक्या साच्यात येतं, संगणकाला वाचायला सोपं. झूकला पंचवीस वर्षांपूर्वी ही शिस्त मिळाली असती तर त्याचं निम्मं काम वाचलं असतं. आता शिस्त आहे आणि पत्ता नाही.

भारताच्या प्रत्ययाचा जन्म मुंबईत झाला, ही गोष्ट मराठी वाचकालाही सहसा माहीत नसते. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती आणि श्रीनिवासन रमाणी तिचे प्रमुख. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्यात तिचा मोठा वाटा होता. ८ मे १९८९ रोजी डॉट इन या प्रत्ययाची जबाबदारी तिच्याकडे आली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ला, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. पुढचा काळ कडक नियमांचा होता. नाव घ्यायला कागदपत्रं, अटी, प्रतीक्षा. परिणामी १९९२ ते २००४ या सगळ्या वर्षांत मिळून जेमतेम ७ हजार नावं नोंदली गेली. बंगळुरू आणि पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी याच काळात जगात नाव काढलं होतं, पण त्यांच्या पाट्या डॉट कॉमच्या होत्या. २००५च्या सुरुवातीला ‘निक्सी’ या संस्थेने कारभार हाती घेऊन नियम सैल केले, जगातल्या कोणालाही डॉट इन घेता येऊ लागलं आणि २०११मध्ये १० लाखांचा टप्पा पार झाला. आज ही नावं ३० लाखांच्या पुढे आहेत. यांतली सगळी भारतीयांची नाहीत आणि भारतीयांची सगळी नावं यांत नाहीत, हे आतापर्यंतच्या हकिकतीवरून लक्षात आलंच असेल. तरीही एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. दोन कोटींहून कमी लोकसंख्येच्या नेदरलँड्सच्या डॉट एनएलमध्ये ६० लाखांहून जास्त नावं आहेत.

विक्रीच्या बाजूने पाहिलं तर मुंबई या नकाशावर चांगलीच ठळक आहे. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली सुरू केलेल्या डिरेक्टाय समूहाने अंधेरीतून जगभर डोमेन नावं विकली, आणि त्याच समूहातून निघालेली रेडिक्स ही कंपनी डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक, डॉट साइट असे प्रत्यय सांभाळते. २०१३च्या सुमारास प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाच्या डॉट पीडब्ल्यूची विक्रीही याच समूहाने केली. पलाऊची अक्षरं, मुंबईचा विक्रेता, गिऱ्हाईक भलत्याच खंडातलं. या नावांच्या मोठ्या भागाचे मालक परदेशात आहेत. मुंबईला त्यातून व्यवसाय मिळाला, रोजगार मिळाला. मराठी मुलखातून बोलणारे वाढले का, याचं उत्तर या आकड्यात नाही.

ते डॉट भारतमध्ये सापडेल अशी आशा अनेकांना होती. २७ ऑगस्ट २०१४ रोजी हा प्रत्यय देवनागरीत सुरू झाला आणि मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो, सिंधी अशा आठ भाषांसाठी एकाच वेळी खुला झाला. आता कोणालाही आपल्या गावाचं, दुकानाचं नाव आपल्या लिपीत नोंदवता येतं. आतून हे नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक साखळीत बदलतं, कारण मूळ यंत्रणेला तेवढंच समजतं. वापरणाऱ्याला ते दिसू नये अशी अपेक्षा असते. पण नाव घेतलेल्या माणसाची खरी अडचण पुढे येते. देवनागरी नावावरचा ईमेल पत्ता अनेक अर्जांच्या चौकटी चुकीचा म्हणून नाकारतात. ज्या पत्त्यावर बँकेत किंवा भरतीच्या संकेतस्थळावर नोंदणी होत नाही, तो पत्ता माणूस किती दिवस बाळगील? शिवाय मोजणाऱ्यासमोर नवा पेच उभा राहतो. ‘कमल’ हे नाव डॉट भारतमध्ये नोंदलं गेलं तर ते नागपूरचं की लखनौचं, मराठी की हिंदी, हे लिपीवरून ओळखण्याचा मार्ग नाही.

त्यात गेल्या दशकभरात मोबाइलवरून इंटरनेटवर आलेल्या पिढीने स्वतःचं नाव घेण्याचा टप्पाच ओलांडला आहे. सांगलीतली साड्यांची विक्रेती व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक करते, बीडमधला शेतकरी यूट्यूबवर ठिबक सिंचन शिकवतो, त्याला लाखो लोक बघतात. तो बोलतो आहे यात शंका नाही. पण तो ज्या पत्त्यावर बोलतो तो कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा आहे आणि त्या कंपनीने खातं बंद केलं तर त्याचे सगळे प्रेक्षक एका रात्रीत जातात. स्वतःच्या नावावर असलेलं संकेतस्थळ एका कंपनीच्या सर्व्हरवरून दुसरीकडे हलवता येतं, पत्ता तोच राहतो. मोफत मिळणाऱ्या खात्याला ही ताकद नाही. नेदरलँड्सच्या आणि आपल्या आकड्यांतली दरी माझ्या मनाला लागते ती यामुळे.

हा नकाशा पुन्हा मिळवायला कोणाचा घरचा पत्ता उघडा करण्याची गरज नाही. जर्मनीच्या डॉट डीईचं दप्तर सांभाळणारी डेनिक ही संस्था दरवर्षी जिल्हावार आकडे प्रसिद्ध करते: कुठल्या जिल्ह्यात किती नावं, आणि दर हजार लोकांमागे किती. मालकांची नावं त्यात नसतात, फक्त बेरजा असतात. एकूण संख्येत बर्लिन, हॅम्बुर्ग, म्युनिक ही शहरं पुढे दिसतात, तर ऑस्नाब्रुकसारखं मध्यम आकाराचं शहर वर्षानुवर्षं लोकसंख्येच्या मानाने आघाडीवर राहतं. जर्मनीतल्या एखाद्या लहान शहरातल्या वार्ताहराला आपल्या जिल्ह्याचा आकडा त्यामुळे सहज मिळतो. डॉट इनसाठी तर हे अधिक सोपं आहे, कारण पत्ता झाकणाऱ्या कंपन्यांच्या आडून नोंदणी करायला त्यात मनाई आहे. मालकाचा खरा पत्ता पिनकोडसकट दप्तरात असायलाच हवा. पिनकोडांची बेरीज करून दरवर्षी डॉट इन आणि डॉट भारत या दोन्हींचा जिल्हावार तक्ता निघाला, तर इचलकरंजीतले आणि मालेगावातले यंत्रमागधारक यांतले किती स्वतःच्या नावाने इंटरनेटवर आले, रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांनी दलालाशिवाय विकायला पत्ते घेतले का, गडचिरोलीत दहा वर्षांत काही बदललं का, असल्या प्रश्नांचा शोध एखाद्या महाविद्यालयातला विद्यार्थीही सुरू करू शकेल.